यंत्रमागाचे शहर आणि त्याचे वय : भिवंडीची वयोरचना व नागरी सेवांची मागणी (१९०१ ते २०११)

प्रस्तावना

एखाद्या शहराला किती शाळा, किती दवाखाने आणि किती पाणी लागेल याचा हिशेब नियोजनकार माणशी मांडतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तयार होणाऱ्या विकास योजनेत आधी भावी लोकसंख्येचा अंदाज बांधला जातो आणि त्यावरून आरक्षणे ठरतात. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाने २०१३ मध्ये दर ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असे प्रमाण घालून दिले. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक अंगणवाडी असे परिमाण आहे. या सर्व मोजमापांत एक गृहीतक दडलेले असते. शंभर माणसांत मुले, कर्ते व वृद्ध यांचे प्रमाण कोठेही गेले तरी साधारण सारखेच असणार, हे ते गृहीतक होय.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहराच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. ज्या शहराच्या वाढीचा मोठा भाग एकट्याने आलेल्या कर्त्या पुरुषांनी घडवला, त्या शहराची लोकसंख्या मोजणे आणि त्याच्या गरजा मोजणे या दोन निरनिराळ्या गोष्टी ठरतात. प्रस्तुत निबंधात भिवंडीच्या वयोरचनेचा इतिहास तपासला असून, ती रचना कशामुळे घडली आणि तिने नागरी सेवांच्या मागणीला कोणते वळण दिले याचा विचार केला आहे. आधारासाठी प्रामुख्याने जनगणनेचे आकडे घेतले आहेत. नोकरीसाठी होणारे पुरुषांचे स्थलांतर मुख्यत्वे १५ ते ४० या वयात होत असल्याने स्त्री-पुरुष प्रमाण हे येथे वयोरचनेचे निदर्शक म्हणून वापरले आहे. भारतीय जनगणनेत वयाची नोंद ३०, ३५, ४० अशा सोयीच्या आकड्यांवर साचण्याची जुनी खोड आहे. त्यामुळे वयाच्या तक्त्यापेक्षा स्त्री-पुरुषांची साधी मोजदाद पुष्कळदा अधिक विश्वासार्ह असते.

हातमागाचे घर

विसाव्या शतकाच्या आरंभी भिवंडी हे दहा हजारांहून थोड्या अधिक वस्तीचे, भातसडीचे व हातमागाचे गाव होते. लगतचे निजामपूर त्यातच मोजले जाई. कामवारी नदीच्या काठचा हा गाव कोकणी मुसलमान, आगरी, कुणबी व व्यापारी जाती यांच्या मिश्र वस्तीचा होता. १८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेकडे आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव, धुळे यांप्रमाणे भिवंडीतही बिऱ्हाडे थाटली. बंगालपुरा, निजामपुरा, कोटरगेट या जुन्या मोहल्ल्यांतील वस्तीचा पाया या काळात विस्तारला.

हे विणकर कुटुंबासह आले, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने कळीची आहे. हातमागावर एकटा पुरुष पुरेसा नसतो. सूत उकलणे, खळ देणे, ताणा लावणे, कांड्या भरणे ही कामे घरातील स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यात वाटलेली असत. ज्याची नजर मंदावली तो मागावरून उठून कांडीकडे वळे, घराबाहेर पडत नसे. कामाची ही वाटणी वयानुसार होती, म्हणून हातमागाच्या घरात सर्व वयांची माणसे सामावत. अशा गावाची वयोरचना सर्वसाधारण असते आणि त्याच्या गरजाही घराघरांतच भागतात. बाळंतपण दाई करते, मूल मदरशात वा पंतोजीकडे शिकते, म्हातारा ओसरीवर बसतो. नगरपालिकेकडे मागायचे ते पाणी, दिवाबत्ती आणि झाडलोट.

१९३० च्या आसपास भिवंडीत यंत्रमाग आले. या संदर्भात समद शेठ यांचे नाव घेतले जाते. आरंभी माग वाढले ते घराला जोडूनच. पुढे मात्र माग घराबाहेर, ओळीने बांधलेल्या पत्र्याच्या कारखान्यांत गेले आणि त्याबरोबर कामाची वाटणी पालटली. बारा तासांच्या दोन पाळ्या, एका कारागिराकडे चार ते आठ साधे माग, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. या व्यवस्थेत वृद्धाला जागा नाही, लहान मुलाला नाही, आणि रातपाळीमुळे स्त्रीलाही जवळजवळ नाही. स्त्रिया कांडी भरण्यासारख्या पूरक कामांत उरल्या. यंत्रमागाने शहराकडे एकाच वयाची माणसे मागितली.

१९८२ नंतरचा फुगवटा

१९६१ मध्ये भिवंडीची लोकसंख्या सुमारे ४७ हजार होती, १९७१ मध्ये ती ८० हजारांच्या जवळ गेली आणि १९८१ मध्ये १ लाख १५ हजारांवर पोहोचली. दोन दशकांत वाढ अडीचपट झाली असली तरी पुढे जे घडले त्यापुढे ती किरकोळ वाटते. १९९१ च्या जनगणनेत शहर ३ लाख ७९ हजारांचे झाले आणि २००१ मध्ये ५ लाख ९८ हजारांचे. कामतघर, टेमघर, नारपोली, भादवड, नागाव अशी लगतची गावे शहरात सामावली गेल्याचा या आकड्यांत वाटा आहेच. परंतु हद्द वाढल्यामुळे माणसे वाढली असे म्हणण्यापेक्षा माणसे वाढल्यामुळे त्या गावांची गावपणे संपली असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

या वाढीचे मुख्य कारण मुंबईत घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. गिरण्यांतील विणकामाचा बराच भाग या काळात भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकला आणि संपानंतरही तो परत गेला नाही. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने या विकेंद्रित क्षेत्राला एक प्रकारे मान्यताच दिली. हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या यंत्रमाग केंद्रांपैकी एक म्हणून भिवंडीचे नाव झाले ते याच दशकात.

माग चालवायला माणसे आली ती पूर्व उत्तर प्रदेशातील आझमगढ, मऊ, जौनपूर या जिल्ह्यांतून, बिहारमधून, आणि तेलंगणातील करीमनगर, वरंगळ, नलगोंडा या भागांतून. तेलुगू पद्मशाली विणकरांची पद्मानगर ही वस्ती या स्थलांतराची खूण आहे. दोन्ही प्रवाहांत एक फरक दिसतो. पद्मशाली समाजात कुटुंबाने येण्याचे प्रमाण तुलनेने अधिक, तर उत्तरेकडून येणाऱ्यांत पुरुष आधी येतो आणि पुष्कळदा एकटाच राहतो. शांतीनगर, गायत्रीनगर, नारपोली येथील खोल्यांत आठ-दहा जणांनी पाळीनुसार झोपायचे, दिवसपाळीचा उठला की रातपाळीच्याने त्याच जागी अंग टाकायचे, ही राहणी त्या शहराच्या अर्थव्यवस्थेचा भाग झाली. जेवणासाठी खाणावळी निघाल्या. स्थानिक बोलीत त्यांना बिस्सी म्हणतात. अशा खाणावळीत पंधरवड्याचे किंवा महिन्याचे पैसे ठरवून माणूस दोन वेळा जेवतो, आणि गावाकडून आलेला नवखा मुलगा नोकरीच्या आधी तेथेच उधारीवर बसतो. घराने जे करायचे ते सर्व येथे बाजाराने केले. त्यामुळे नगरपालिकेला या माणसाचा स्वयंपाक, आजारपण वा करमणूक दिसण्याचे कारणच उरले नाही.

शासनाचे लक्ष भिवंडीकडे गेले ते वेगळ्या कारणाने. मे १९७० आणि मे १९८४ मधील दंगलींनंतर हे शहर सरकारी कागदांत कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून वावरू लागले. न्यायमूर्ती मादन आयोगाचा अहवाल आणि पुढे मोहल्ला समित्यांचा प्रयोग यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि, दोन-तीन दशके ज्या शहराची गणना पोलीस ठाण्यांच्या हिशेबाने झाली, त्या शहरात बालके किती व गरोदर स्त्रिया किती हा प्रश्न मागे पडला, हे नोंदवणे भाग आहे.

सरासरीआडची दोन शहरे

२०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दीत ७ लाख ९ हजार ६६५ माणसे मोजली गेली. पुरुष ४ लाख १५ हजार ३३९ आणि स्त्रिया २ लाख ९४ हजार ३२६, म्हणजे दर हजार पुरुषांमागे ७०९ स्त्रिया. त्या वर्षी महाराष्ट्राचे प्रमाण ९२९ होते. पुरुष स्त्रियांपेक्षा १ लाख २१ हजारांनी अधिक भरले. भिवंडीतील स्त्रियांची संख्या आहे तशी धरून राज्याचे प्रमाण लावले, तर शहरात सुमारे ३ लाख १७ हजार पुरुष असायला हवे होते. प्रत्यक्षातील आकडा त्याहून सुमारे ९८ हजारांनी जास्त आहे. लहान मुलांतील मुलामुलींचे प्रमाण इतके विषम नसल्याने हा अधिकचा आकडा प्रौढांचाच होय. एकूण लोकसंख्येच्या १४ टक्के माणसे अशी, की ज्यांचे कुटुंब या शहरात नाही असे समजायला हरकत नसावी. हा अंदाज खालचा आहे. राज्याच्या प्रमाणातच स्थलांतरित पुरुषांचा अंश मिसळलेला आहे.

आता मुलांकडे वळू. २००१ मध्ये भिवंडीच्या लोकसंख्येत सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचा वाटा सुमारे १५ टक्के होता. महाराष्ट्राचा वाटा त्या वेळी १४ टक्क्यांच्या किंचित वर होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की भिवंडी हे बालकांच्या बाबतीत अगदी सामान्य शहर वाटते, आणि येथेच सरासरी फसवते. एकट्या पुरुषांची एवढी मोठी भर छेदात असताना बालकांचा वाटा राज्याहून पुष्कळ खाली यायला हवा होता. तो खाली आलेला नाही. म्हणून छेद बदलून पाहणे आवश्यक ठरते. २००१ मध्ये शहरात स्त्रियांचा वाटा सुमारे ४० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजारांच्या आसपास, आणि बालके सुमारे ९० हजार. दर हजार स्त्रियांमागे बालके अदमासे ३७५ येतात. राज्याचा तोच आकडा २९४ येतो.

यावरून येथील स्त्रियांना अधिक अपत्ये होतात असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. भिवंडीविषयी असे निष्कर्ष सभासंमेलनांत फार सहजपणे काढले जातात, म्हणून येथे थोडे थांबणे इष्ट आहे. स्थलांतरितांच्या शहरात स्त्रियाही वयाने तरुण असतात. सासू गावाकडे राहते, सून शहरात येते. वृद्ध स्त्रिया गणनेतून गळाल्या की उरलेल्या स्त्रियांमागे बालकांचे प्रमाण आपोआप चढते. त्यात जननदराचा वाटा किती आणि वयाचा किती हे एका आकड्याने ठरत नाही. सेवांच्या दृष्टीने मात्र परिणाम एकच आहे. हजार स्त्रियांच्या वस्तीसाठी जेवढ्या लसी, जेवढ्या प्रसूती-खाटा आणि पहिलीचे जेवढे वर्ग राज्यात सरासरीने लागतात, त्याहून सव्वापटीने अधिक येथे लागतात.

तेव्हा भिवंडी हे एक शहर नसून एकावर एक ठेवलेली दोन शहरे आहेत. एकात एकटे राहणारे, कमावते पुरुष आहेत. दुसऱ्यात कोवळ्या वयाची कुटुंबे व पुष्कळ मुले आहेत. पहिल्याला शाळा नको, दुसऱ्याला सरासरीपेक्षा जास्त हवी. वृद्ध दोन्हींत कमी. दोहोंची सरासरी काढली की महाराष्ट्रातील कोणत्याही शहरासारखे काहीतरी हाती येते आणि त्या सरासरीवर आरक्षणे बेतली जातात.

ही दोन शहरे स्थिरही नाहीत. १९९१ ते २००१ या दशकात लोकसंख्या सुमारे ५८ टक्क्यांनी वाढली, पुढच्या दशकात केवळ साडेअठरा टक्क्यांनी. वेग मंदावला हे सर्वांनी पाहिले. भर कोणाची पडली हे मात्र क्वचितच पाहिले गेले. २००१ ते २०११ मध्ये वाढलेल्या सुमारे १ लाख ११ हजार माणसांत स्त्रियांचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. जे शहर एरवी दोन पुरुषांमागे जेमतेम सव्वा ते दीड स्त्री असे होते, त्यात नवी भर जवळजवळ समसमान आली. एकट्या पुरुषांचे शहर थबकले होते आणि कुटुंबांचे शहर वाढत होते.

मुंबईचा आरसा, गावांचा आरसा

भिवंडीची ही अवस्था महाराष्ट्राला अपरिचित नाही. मुंबईत १९२१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ५२५ स्त्रिया होत्या. बृहन्मुंबईत हे प्रमाण १९६१ मध्ये ६६३ आणि १९७१ मध्ये ७१६ झाले. भिवंडीचे २०११ मधील ७०९ हे प्रमाण १९७१ च्या मुंबईच्या जवळ जाते. चाळीस वर्षांचे अंतर ठेवून एक शहर दुसऱ्याच्या वाटेवर चालले आहे असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु साम्य येथेच संपते. मुंबईतील गिरणी कामगार कुटुंबासह स्थिरावत गेला तो केवळ वेळ गेल्यामुळे नव्हे. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा, १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा, बीआयटी चाळी आणि बीडीडी चाळी, महानगरपालिकेच्या शाळा व रुग्णालये, आणि या सर्वांमागे कायम नोकरीचा हजेरीपट या गोष्टी त्या स्थित्यंतरात होत्या. इतके असूनही म्हातारपण कोकणातच जाई. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे गावाशी नाते हा गिरणी कामगाराचा मागासलेपणा नव्हता, शहरात टिकून राहण्याचा तो आधार होता. भिवंडीच्या कारागिराच्या वाट्याला हजेरीपटच आला नाही. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात दहा कामगार असले की कारखाना अधिनियम लागू होई. म्हणून एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर वाटण्याची रीत रूढ झाली. कायद्याच्या दृष्टीने शहरभर लहान लहान घटक उरले आणि त्यांत काम करणारा माणूस विम्याबाहेर व निधीबाहेर राहिला.

मग त्याचे बालपण व म्हातारपण कोण सांभाळते? उत्तर त्याच्या जन्मगावच्या जनगणनेत सापडते. २०११ मध्ये उत्तर प्रदेशात दर हजार पुरुषांमागे ९१२ स्त्रिया होत्या, पण आझमगढ जिल्ह्यात १,०१९ आणि जौनपुरात १,०२४. करीमनगरात हा आकडा १,००८ होता. मुंबईला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात तो २०११ मध्येही १,१२२ होता. हे जिल्हे केवळ भिवंडीसाठी रिकामे झाले नाहीत, त्यांची माणसे मुंबई, सुरत, दिल्ली व आखाती देशांतही गेली. तरीही आकड्यांचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या वयाला शाळा लागते ते वय आझमगढच्या पंचायतीने सांभाळायचे, ज्या वयात श्रम विकता येतात ते भिवंडीने वापरायचे, आणि खोकला जडला की माणूस पुन्हा पंचायतीकडे. मायकेल बुरावॉय यांनी १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील खाणी व कॅलिफोर्नियातील शेती यांची तुलना करताना श्रमिकाचा रोजचा निर्वाह एका ठिकाणी आणि त्याच्या पिढीचे संगोपन दुसऱ्या ठिकाणी अशी फारकत दाखवली होती. तेथे ती सरकारी परवान्यांनी व सरहद्दींनी टिकवली. येथे परवाना लागत नाही. महाग खोली आणि मीटरवरची मजुरी तेच काम करतात.

सेवांची मागणी : काय दिसले, काय दिसले नाही

भिवंडी नगरपालिकेची महानगरपालिका २००१ च्या अखेरीस झाली. त्यानंतर ज्या सेवेत सर्वांत मोठा प्रशासकीय बदल झाला ती वीज होती. २००७ मध्ये वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने सोपवले गेले आणि देशातील या स्वरूपाचा तो पहिला प्रयोग ठरला. त्याच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मात्र मागाला लागणारी सेवा आधी सुधारली गेली आणि मुलाला लागणारी नंतर, हा क्रम शहराच्या स्वभावाला साजेसाच होता.

आरोग्यसेवेत दोन शहरांची मागणी एकमेकींशी झगडते. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय हे १०० खाटांचे शासकीय रुग्णालय सात लाखांच्या शहराला व भोवतालच्या तालुक्याला पुरवायचे आहे. गंभीर रुग्ण ठाणे, कळवा किंवा मुंबईकडे पाठवला जातो. एकट्या कारागिराचा मुख्य आजार क्षयरोग व श्वसनाचा. कोंदट खोली, कापसाची धूळ आणि अपुरे अन्न ही त्याची कारणे सर्वज्ञात आहेत. औषधोपचार किमान सहा महिन्यांचा असतो, आणि आजारी पडलेला कारागीर नेमका तेवढ्या काळासाठी गावी जातो, कारण काम केल्याशिवाय खाणावळीचे पैसे फिटत नाहीत. उपचार एका राज्यात सुरू व्हायचा, दुसऱ्यात तुटायचा, आणि परतल्यावर नव्याने मांडायचा. असा रुग्ण स्थानिक नोंदवहीत ‘उपचार सोडून गेलेला’ ठरतो.

कुटुंबांच्या शहराची मागणी वेगळी. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई, मालेगाव व भिवंडी येथे गोवराची साथ आली. गोवर हा बालकांची दाटी आणि लसीकरणातील खंड यांचा अचूक मापक असतो. करोनाकाळात नियमित लसीकरण मागे पडले हे कारण खरे आहे. त्याला जोड मिळते ती वरील हिशेबाची. सात लाख लोकसंख्येवर मांडलेल्या चौदा आरोग्य केंद्रांच्या प्रमाणात बालकांची ही जादा घनता धरलेलीच नसते. त्यात घरे बदलणारी, सुटीत गावी जाणारी कुटुंबे असल्याने दुसरी मात्रा द्यायला गेलेल्या परिचारिकेला दाराला कुलूप दिसते.

शाळांचे चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. भिवंडीत महानगरपालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या आहेत. स्थलांतराचा प्रत्येक थर एका माध्यमाच्या रूपाने साचलेला आहे असे म्हणता येईल. एका माध्यमाचे वर्ग ओसंडतात तेव्हा दुसऱ्याचे ओस पडतात, आणि एकूण पटसंख्या पाहणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत. उच्च शिक्षणात १९६६ मध्ये बी. एन. एन. महाविद्यालय व पुढे जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय निघाले. स्त्रियांसाठी वेगळे महाविद्यालय उभे राहावे लागणे ही गोष्टच कुटुंबांचे शहर आकार घेत असल्याची साक्ष होती.

घरांच्या बाबतीत परिणाम जीवघेणा ठरला. ऐंशीच्या दशकातील बांधकामे घाईची व कारागिरांच्या मुक्कामापुरती होती. पुढे त्यांत संसार थाटले गेले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली आणि सुमारे ४० माणसे दगावली. मृतांत लहान मुलांची संख्या मोठी होती.

वृद्धांविषयी थोडेच लिहिता येते, कारण शहरात ते थोडेच आहेत. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेसाठी ६५ वर्षे वय व महाराष्ट्रातील १५ वर्षांचा रहिवास लागतो. पंचवीस वर्षे रातपाळी केलेल्या माणसाकडे भाडेपावती नसते, वीजबिल मालकाच्या नावाचे, रेशनकार्ड गावचे. वर्षे आहेत, पुरावा नाही. मागणी नोंदली जात नाही म्हणून ती नाही, असे मग कागदावर सिद्ध होते. आता या शहरातही वार्धक्य येऊ लागले आहे. ऐंशीच्या दशकात विशीत आलेला कारागीर साठी ओलांडतो आहे. ज्याने बायकामुले आणली त्याचे गावचे घर भावांच्या वाट्याला गेले. तो परतणार नाही.

२०२० चा उन्हाळा आणि पुढील गणना

दोन शहरांची ही घडण एकदा उघडी पडली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले, मजुरी थांबली आणि खाणावळी बंद झाल्या. बाजाराने चालवलेले घर बाजाराबरोबर मिटले. हजारो कारागीर मुंबई-नाशिक महामार्गाने पायी निघाले. मे महिन्याच्या आरंभी महाराष्ट्रातून सुटलेल्या पहिल्या काही श्रमिक विशेष गाड्यांपैकी एक भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे गेली, यात योगायोग नव्हता. पुढच्या काही आठवड्यांत शहरात मागे उरले ते मुख्यतः कुटुंबांचे शहर, आणि त्याच वेळी एकमेव मोठे शासकीय रुग्णालय करोनासाठी राखून ठेवावे लागले. बाळंतिणींनी कोठे जायचे हा प्रश्न तेव्हा तातडीचा झाला. तो नवा नव्हता.

त्यानंतर शहराचा कणा पुन्हा बदलला. २०१६ चे नोटाबंदीचे व २०१७ चे वस्तू व सेवा कराचे धक्के यंत्रमाग सोसतच होता, अनेक माग भंगारात गेले. त्याच वेळी माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या हद्दीबाहेरच्या गावांत गोदामांची रांग उभी राहिली. गोदामालाही तरुण हात लागतात. पण हे तरुण ग्रामपंचायतीच्या हद्दीत राबतात आणि पुष्कळदा शहराच्या हद्दीत झोपतात. कोणत्या स्थानिक संस्थेने कोणाला पाणी व दवाखाना द्यायचा याचे भांडण आता वयाइतकेच हद्दीचेही झाले आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे दशकाहून अधिक काळ भिवंडीच्या योजना २०११ च्या आकड्यांवर, म्हणजे टाळेबंदीपूर्वीच्या व गोदामांच्या भरापूर्वीच्या शहरावर आखल्या गेल्या. जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ असा ठरवला आणि प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारीत घेण्याचे योजले. २०११ ची शिरगणतीही ९ ते २८ फेब्रुवारी अशीच झाली होती, परंतु त्या वर्षी रमजान ऑगस्टमध्ये होता. २००१ मध्ये मात्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात बकरी ईद आली होती. तेव्हा काही पुरुष गावी गेले असतील, तर २००१ मधील त्यांची मोजदाद कमी भरली असेल आणि पुढील दशकात पुरुषांची खरी भर वर मांडली त्याहूनही थोडी ठरेल. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो आणि ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येते. आझमगढ, मऊ व जौनपूरकडे जाणाऱ्या गाड्यांची गर्दी ईदच्या आठ-दहा दिवस आधी सुरू होते, म्हणजे नेमकी संदर्भदिनांकाच्या सुमारास. शांतीनगरच्या खोलीत फेब्रुवारीत मोजलेला कारागीर १ मार्चच्या रात्री गोरखपूरच्या डब्यात असेल. मार्चच्या आरंभी नोंदी पडताळायला प्रगणक पुन्हा आला, तर त्याला खोलीत तिघे भेटतील, दहा नव्हेत.